काशीत काय सोडलं

दुर्गाघाट, वाराणसी
३ डिसेंबर २०२४

चि. मुक्ता,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो आहे. पत्र उचलावं लागत नाही, दारात येऊन पडतं. वाचायचं की नाही ते तू ठरव.

आईचे दिवस झाल्यावर, चौदाव्या दिवशी, तू उंबऱ्यात उभी राहून म्हणालीस, "ज्या घरात धूर आहे त्या घरात मी आईच्या वर्षश्राद्धालासुद्धा येणार नाही." तू आवाज चढवला नव्हतास. बकुळकाकू तुझी पिशवी धरून उभी होती, तिने मान खाली घातली. माझा हात खिशात होता.

तिथी ज्येष्ठ वद्य पंचमी. बकुळकाकूकडे काशीनाथ उपाध्याने पंचांग पाहून सांगितलं की यंदा ती पंधरा जूनला येते. म्हणजे मला सहा महिने आहेत. धूर बंद करायचा आणि तू यायचं, एवढंच मला हवं आहे. दुसरं काही मागायचं या वयात मला सुचत नाही.

चौतीस वर्षं मी रेल्वेच्या कारखान्यात आलेला माल तपासला. नमुना घ्यायचा, मोजायचा, बसला तर पास, नाही तर परत. सोडण्याच्या पद्धतीही तशाच तपासून पाहायचं ठरवलं आहे, आणि निकाल तुला कळवीन. खोटा निकाल मी नोकरीत कधी लिहिला नाही.

पहिली पद्धत, नुसतं सोडून देणं. औषध नाही, डॉक्टर नाही, मनाचा हिय्या. विष्णु शेजारी म्हणतो मर्द माणसाला एवढी पुरते. दिवाळीनंतर मी ती केली. नऊ दिवस टिकलो. दहाव्या दिवशी संपलं. त्या नऊ दिवसांत घर साफ केलं. गच्चीतल्या तुळशीच्या कुंडीतली वरची माती खरवडली तर खाली थोटकांचा थर निघाला. पावसाने भिजून त्याचा तपकिरी लगदा झाला होता, बोटांना चिकटत होता, आणि त्यात तुळशीची मुळं उतरली होती. आनंदी जाईपर्यंत रोज आंघोळ करून त्या कुंडीत पाणी घालत होती. मला वाटलं होतं तिला ते दिसत नाही.

पडदे भिजवले. बादलीतलं पाणी चहासारखं झालं. दुसऱ्यांदा भिजवले, परत तसंच. तिसऱ्यांदा मी बादली मोरीत उपडी केली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

सिगारेटला मी हात लावत नाही हे तुला माहीत आहे. ती २००३ सालीच सोडली.

एक मागणं आहे. आई दोन वर्षांपूर्वी दीड महिना तुझ्याकडे पुण्याला राहिली तेव्हा तिची निळी इरकली साडी तिथे राहिली. तू ती धुतली नाहीस, पिशवीत बांधून ठेवली आहेस, असं बकुळकाकू म्हणाली. येशील तेव्हा ती आण. मला ती इथे ठेवायची आहे.

बाबा


२४ जानेवारी २०२५

चि. मुक्ता,

तुझं उत्तर मिळालं. बकुळकाकूच्या फोनवर आलं. एक शब्द आणि एक प्रश्नचिन्ह. "बिडी?" तिने फोन माझ्यापुढे धरला, मी वाचल्याची खात्री केली आणि आत भाजी चिरायला गेली.

हो, बिडी. रोज दीड बंडल. आणि दिवाळीनंतरचे दिवस नऊ नव्हते, चार होते. खोटा निकाल लिहीत नाही असं त्याच पत्रात लिहिलं होतं. ते पोस्टात टाकून परत येतानाच एक ओढली.

सध्या गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. प्रयागला कुंभ चालला आहे आणि तिकडून परतणारा प्रत्येक माणूस इथे येतो. काशीनाथला जेवायला वेळ मिळत नाही. परवा पंचगंगा घाटावर त्याला डबा द्यायला गेलो, तेव्हा परभणीकडची एक बस उतरली होती. वीस-पंचवीस माणसं. सगळ्यांना काशीत काही तरी सोडायचं होतं. तुला आठवत असेल, आवडती भाजी नाही तर फळ सोडायचं, काशीनाथ हातावर पळीभर पाणी घालतो, ते गंगेत सोडायचं, मग ती वस्तू जन्मभर खायची नाही.

एकाने कारलं सोडलं. त्याच्या बायकोने तिथेच विचारलं, "खाल्लं होतं कधी?" सगळे हसले. एकाने गुटखा सोडतो म्हणून सांगितलं. मला बरं वाटलं, पुढे सरकून पाहायला लागलो. त्याने खिशातली शेवटची पुडी तोंडात रिकामी केली, नीट चघळली, पायरीवर थुंकला आणि मग ओंजळ पुढे केली. लाल ओघळ खालच्या पायरीपर्यंत गेला, तिथे एक म्हातारी ओलं लुगडं पिळत होती. काशीनाथने त्या ओंजळीत पाणी घातलं. काशीनाथच्या गालात स्वतःचं जर्द्याचं पान होतं. मंत्र म्हणताना तो ते डावीकडे सरकवतो. मी तोंड फिरवलं. मग आठवलं की २००३ साली मीही याच पायरीवर ओंजळ करून उभा होतो.

तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस. कार्तिकात वाईची आजी काशीयात्रेला आली होती. तिने भेंडी सोडली, तिला भेंडी फार आवडायची. मग सगळ्यांसमोर मला म्हणाली, "जावईबापू, तुम्ही काय सोडता?" लोक बघत होते. मी म्हटलं, सिगारेट. आजीने डोळे पुसले. माझा ऊर भरून आला होता, हे खरं आहे.

मग कुणी न विचारता आनंदीने हात पुढे केला आणि म्हणाली, मोगरा. काशीनाथ म्हणाला, "वहिनी, बेला? फूल कोई छोड़ता है? एखादी भाजी सांगा." ती म्हणाली, "यांना जे जड जाणार आहे, त्याच्या तोडीचं मलाही सोडायला हवं."

त्याआधी दर उन्हाळ्यात ती रोज संध्याकाळी गजरा घ्यायची. इथले लोक मोगऱ्याला बेला म्हणतात हे तिला कधी पटलं नाही. बेलावाला गल्लीतून ओरडत यायचा, ती खिडकीतून टोपली सोडायची. दुसऱ्या दिवशी सुकलेला गजरा उशीखाली ठेवायची. तो सगळा प्रकार त्या दिवशी संपला.

मी चाळीस दिवस टिकलो. एकेचाळिसाव्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमागे एकाने बिडी पुढे केली. मी म्हटलं, मी सिगारेट सोडली आहे. तो म्हणाला, ही कुठे सिगारेट आहे? संध्याकाळी घरी न जाता मी थेट काशीनाथकडे गेलो आणि त्याला शास्त्र विचारलं. त्याने पान लावता लावता निर्णय दिला, "संकल्पात तू सिगारेट म्हणालास. गंगाजीने सिगारेट ऐकली. बिडी तो पत्ता है, यार." आम्ही दोघं हसलो. मी घरी आलो. आनंदी चहा घेऊन आली, कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तुमचे कपडे मी वेगळे भिजवत जाईन."

एवढंच बोलली. मोगरा तिने परत सुरू केला नाही. एकवीस उन्हाळे.

कागद एक आणि माल दुसरा, असा माल मी कारखान्यात एकदाही पास केला नसता. इथे केला.

तेव्हा संकल्प या पद्धतीचा निकाल. मी नापास. पण पद्धतीला दोष देता येत नाही. पायरी तीच, पाणी तेच, उपाध्या तोच, आणि तिचं टिकलं.

बाबा


२ मार्च २०२५

चि. मुक्ता,

या महिन्यात तुझा शब्द आला नाही. ठीक आहे.

पुढचे निकाल लिहितो. विष्णु म्हणाला, तोंडाला काही तरी लागतं, बिडीऐवजी पान ठेव. मी जर्दा पान सुरू केलं. सहा दिवस एकही बिडी नाही. मला वाटलं जमलं. सातव्या दिवशी मोरीपाशी आरशात पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात लाल चिकट कडा आलेली, दातांवर चुना, सदऱ्यावर दोन शिंतोडे. ज्यांना मी जन्मभर भिंतींवर थुंकताना पाहून नावं ठेवली, त्यांच्यातला एक आरशात उभा होता. आणि तलफ तशीच. पान थुंकलं आणि बिडी पेटवली.

मग सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे तंबाखू सोडवण्यासाठी एक वेगळी खोली आहे, जिन्याखाली, पंखा आहे पण फिरत नाही. तिथे निवेदिता नावाची मुलगी बसते, तुझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल. तिने मला एका यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं. श्वासात धुराचा वायू किती उरला ते त्यावर कळतं, काट्यावर चोवीस आले. ती म्हणाली, चार-पाचच्या खाली आला पाहिजे. हे मला आवडलं. काही बोलायचं नाही, शपथ घ्यायची नाही, फुंकायचं. यंत्राला बिडी आणि सिगारेट वेगळी कळत नाही.

तिने निकोटिनच्या च्युइंग गमच्या गोळ्या दिल्या. मी पहिली तोंडात टाकली आणि पानासारखी चावली, रस गिळला, परत चावली. घशात आग, उचक्या, पोटात ढवळलं, दुपारभर पडून होतो. चार दिवस असंच करत राहिलो आणि गम ही पद्धत नापास असं वहीत लिहून टाकलं. पुढच्या वेळी तिला सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "अंकल, ये पान नहीं है. बनारस के आधे मरीज़ यही करते हैं. दो-चार बार चबाइए, फिर गाल में दबाकर भूल जाइए." तसं केलं तर खरंच उचकी लागली नाही. वहीतला निकाल खोडावा लागला. माल चांगला होता, तपासणाऱ्याला वापरता येत नव्हता.

तिने एक तक्ता दाखवला. नुसत्या हिय्यावर शंभरातले चार-पाच टिकतात. औषधाने जास्त. औषध आणि दर आठवड्याला कुणाशी तरी बोलणं, दोन्ही मिळून त्याहून जास्त. तरीही निम्म्याहून जास्त लोक परत ओढतात. तिने ते लपवलं नाही. मी विचारलं, मग उपयोग काय? ती म्हणाली, "जो लौट आते हैं, वही छोड़ते हैं." परत ओढणारे नाही, परत तिच्याकडे येणारे.

मग तिने अर्ज भरताना विचारलं, "घर में और कौन है?" मी म्हटलं, कोणी नाही. तिने लिहून घेतलं. हे उत्तर मी आधी एकदा ऐकलं होतं.

तुला हे माहीत नाही. तीन वर्षांपूर्वी आईला पहिल्यांदा फुप्फुसाच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. डॉक्टरने एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि तिला विचारलं, "आप तो पीती नहीं होंगी. घर में कौन पीता है?" मी तोंड उघडायच्या आत तिने उत्तर दिलं. "कोई नहीं, डॉक्टर साहब." डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोटांकडे पाहिलं. मी एक्स-रेकडे बघत राहिलो.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. रिक्षा मिळेपर्यंत मी चौकात जाऊन एक ओढून आलो.

बाबा


१६ एप्रिल २०२५

चि. मुक्ता,

निवेदिताने गमच्या जोडीला चिकटपट्टी दिली आहे. दंडावर लावायची, कातडीतून औषध आत जातं. बनारसच्या उन्हात घामाने ती सुटते. परवा दशाश्वमेधच्या गर्दीत पडली, घरी आल्यावर सदऱ्याच्या आत पाठीला चिकटलेली सापडली. आता आंघोळीनंतर पंख्याखाली दंड पूर्ण वाळवून लावतो. या दोन्ही मिळून मी एकतीस दिवस टिकलो. काट्यावर तीन आले. निवेदिताने आपल्या डब्यातला पेढा दिला.

बत्तिसाव्या दिवशी आईचं ऑक्सिजनचं यंत्र परत करायला काढलं. नऊ महिने ते कोपऱ्यात झाकून होतं. खोक्याच्या तळाशी, नळ्यांच्या गुंडाळीखाली, बिडीचं अर्धं बंडल होतं. मीच ठेवलं असणार. ती त्या यंत्राची नळी नाकात लावून पडलेली असताना गच्चीवर जायच्या आधी हाताशी असावं म्हणून. पेटतं काही जवळ आणू नका असं खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. बंडल बरोबर त्याच्या खाली होतं.

मी तिथेच बसून ओढली. एक नाही, दोन. जुनी, दमट, तोंडात तुकडे येत होते. मग मोरीत ओकलो. पहिल्यांदा गमची गोळी पडली, मग बाकीचं. मोरीची जाळी हाताने साफ केली.

गच्चीवरून खाली आलो की मी तिला पेल्यातलं पाणी पाजायचो. पेला तोंडाशी नेला की ती मान पलीकडे वळवायची. मी तुला फोनवर सांगायचो, आईची मान दुखते. तू तिकडून मानेचं तेल पाठवलं होतंस. मुक्ता, तिची मान दुखत नव्हती.

आता राहिलेलं लिहितो, नाही तर मी ते कधीच लिहिणार नाही.

तिला नेण्याच्या सकाळी काशीनाथने फुलं आणायला सांगितलं. मी गल्लीच्या तोंडाशी गेलो. जूनचा महिना, सगळीकडे बेलाच होता. माझ्या डोक्यात एवढंच होतं की तिला मोगरा आवडायचा. चांगला जाड हार घेतला. मनाने घेतला. घरी आणून मी स्वतः तिच्या गळ्यात घातला, बायका म्हणाल्या, वहिनी किती छान दिसतात. तू पुण्याहून तासाभरापूर्वी पोचली होतीस. तू माझ्याजवळ आलीस आणि हळू म्हणालीस, "बाबा, आईने हे सोडलं होतं."

बकुळकाकूला मी सांगितलं होतं की मला ते ऐकू आलं नाही, मुक्ताचा उगाच गैरसमज आहे. मला ऐकू आलं होतं. आणि मी तुला उत्तरही दिलं होतं, फक्त तुला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"आता तिला काय कळतंय."

एकवीस वर्षं तिने जे पाळलं ते मी अर्ध्या मिनिटात मोडलं, आणि वर हे बोललो. तुझा राग बिडीवर आहे असं मी सगळ्यांना सांगत आलो. तुझ्या उंबऱ्यातल्या वाक्यातही धूरच होता, म्हणून मला ते सोपं गेलं.

निवेदिताकडे परत गेलो. फुंकलं. काट्याने सांगायचं ते सांगितलं. तिने जुन्या कार्डावर रेघ मारली, नवीन काढलं आणि वर एक आकडा लिहिला. "फिर से दिन एक, अंकल."

जाताना ती म्हणाली की आणखी महिना-दीड महिना टिकलो तर नाक परत येईल. इतकी वर्षं धुराने बधिर झालं आहे, ते उघडेल. आईचं कपाट मी गेल्या जूनपासून उघडलेलं नाही. तिच्या साड्या आहेत तशा आहेत. मी उघडत नाही कारण मला त्यात काहीच वास येणार नाही हे माहीत होतं. नाक परत आलं की उघडणार आहे. मी खरा यासाठी टिकतो आहे. तू येण्यासाठी, आणि यासाठी.

बाबा


३० मे २०२५

चि. मुक्ता,

आज चव्वेचाळीस दिवस झाले. काट्यावर दोन.

बकुळकाकूने तुझा निरोप वाचून दाखवला. तू तेरा जूनचं तिकीट काढलं आहेस, घरीच उतरणार आहेस, आणि येताना साडी आणणार आहेस. तिने तो दोनदा वाचला. काशीनाथने लगेच मला हाक मारली. म्हणाला, गोपी, पोरगी येतेय, श्राद्धाच्या दिवशी पंचगंगेवर पुन्हा उदक सोड, या वेळी बिडी, सिगारेट, हुक्का, चिलीम सगळ्यांची नावं घेऊन सोडवतो, कुठे फट ठेवत नाही. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, का रे, गंगेवर विश्वास उरला नाही? मी म्हटलं, गंगेवर आहे. मी मंगळवारी जिन्याखाली जाऊन फुंकून येतो, तेवढं मला पुरे.

तेव्हा शेवटचा निकाल असा. पट्टी, गम आणि आठवड्यातून एकदा निवेदिता. तिन्ही एकत्र. पास लिहीत नाही, चालू आहे असं लिहितो.

नाक परत आलं.

पहिल्यांदा जिन्याखालच्या खोलीत फिनेल आलं. मग गल्लीतली कचौडी, मग गटार, मग विष्णूच्या दारातलं म्हशीचं शेण. मला मजा वाटत होती. मग घराचं कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबलो. एखाद्या भरलेल्या राखदाणीत डोकं घालावं तसं होतं. भिंतीतून येत होतं. गादीतून, पंचांगातून, देव्हाऱ्यातल्या वस्त्रातून. तू जिथे उभी राहून बोललीस, तिथेच मी उभा होतो. मग आत गेलो, कारण जायला दुसरं घर नाही.

संध्याकाळी बेलावाला गेला. तिसऱ्या मजल्यावर मला मोगऱ्याचा वास आला, त्याच्या ओरडण्याच्याही आधी. आई त्या वेळी उठून आतल्या खोलीत जाऊन बसायची, तुला आठवत असेल. तिथे वास पोचत नाही. मी तिथे जाऊन बसून पाहिलं. तिथे माझी गादी होती. एकवीस उन्हाळे ती मोगरा टाळायला त्या गादीपाशी जाऊन बसत होती.

काल आंघोळ करून, हात दोनदा धुऊन, तिचं कपाट उघडलं.

वरच्या खणात रोजच्या साड्या, खालच्यात लग्नकार्याच्या. सगळ्या तिने घातलेल्या घडीतच. मी सर्वांत वरची काढली आणि तोंडाला लावली. बिडी. दुसरी काढली. मधली काढली, तळातली काढली, लग्नातला शालू जुन्या धोतरात गुंडाळलेला होता तो सोडला. त्याच्या आतल्या घडीतसुद्धा बिडी. पोलक्यांत, शालीत, तिच्या कंगव्याच्या डबीत. तिचं असं काही कुठेच उरलेलं नाही, मुक्ता. एक वर्ष मी जे जपून बंद ठेवलं होतं, ते मीच होतो. ते मी हुंगत बसलो होतो. मला माझीच किळस आली, एवढी की कपाट लावायचं सुचलं नाही, तसंच उघडं ठेवून घाटावर गेलो.

आता तुला कळेल मी ती निळी साडी का मागत होतो. ती दीड महिना तुझ्याकडे होती, तिथे खोकला कमी होता, तिथे ती सकाळी गच्चीत फिरायची असं तू म्हणायचीस. ती साडी त्या दीड महिन्याची आहे. मला एकदाच ती नाकाशी धरायची होती. सहा महिने मी फुंकलो, चघळलो, पट्ट्या लावल्या, त्याच्या तळाशी हे होतं.

तेरा तारखेला तू ये. पण या घरी उतरू नकोस. धूर मी बंद केला आहे, वास मला बंद करता येत नाही. भिंतींना चुना लावायचं ठरवलं आहे, गाद्या देऊन टाकल्या, तरी एका पावसाळ्यात हे जाणार नाही. काशीनाथच्या घरी उतर, बकुळकाकूने खोली आवरून ठेवली आहे. श्राद्ध घाटावर आहे, मी तिथे भेटेन. तू बोलली नाहीस तरी चालेल. त्या दिवशी पानावर काय वाढायचं ते तू सांग, आणि फुलं तूच आण. मी फुलांना हात लावणार नाही.

साडी आणू नकोस. तू आणणार आहेस हे ऐकून मी काल बराच वेळ नुसता बसून होतो. पण इथल्या हवेत ती एकदा उघडली की संपली, आणि माझ्या हातांचा मला अजून भरवसा नाही. ती पुण्यालाच राहू दे. मला फोनवर दाखवायलासुद्धा पिशवीची गाठ सोडू नकोस.

बाबा